हस्तिदंताची चोरटी शिकार : संख्येआड दडलेला ऱ्हास

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय हत्तीला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१० मध्ये ‘राष्ट्रीय वारसा प्राणी’ हा दर्जा दिला. जगातील वन्य आशियाई हत्तींपैकी निम्म्याहून अधिक हत्ती आज भारतात आहेत. ही जात संकटग्रस्त म्हणून जागतिक सूचीत नोंदलेली असल्याने तिच्या भवितव्याची सर्वांत मोठी जबाबदारी ओघानेच आपल्या देशावर येते.

हत्ती किती उरले, हा प्रश्न परीक्षेत विचारला जातो आणि संसदेतही विचारला जातो. त्याचे सर्वांत अलीकडचे उत्तर ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय वन्यजीव संस्थेने वीस हजारांहून अधिक लिदीच्या नमुन्यांतील डीएनएच्या आधारे २०२१ ते २०२५ या काळासाठी केलेल्या अंदाजानुसार देशात २२,४४६ वन्य हत्ती आहेत. त्यांपैकी ११,९३४ पश्चिम घाटात, ६,५५९ ईशान्येकडील टेकड्या व ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, २,०६२ शिवालिक व गंगेच्या मैदानी पट्ट्यात आणि १,८९१ मध्य भारत व पूर्व घाटात आहेत. २०१७ च्या गणनेत हाच आकडा २७,३१२ होता. तथापि दोन्ही वेळची पद्धत वेगळी असल्यामुळे या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘इतके हत्ती कमी झाले’ असा निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरत नाही. नवा आकडा हा पुढील तुलनेचा पाया आहे, एवढेच म्हणता येते.

मात्र चोरट्या शिकारीने हत्तींची जी हानी केली आहे, ती एकूण संख्येच्या आकड्यात पूर्णपणे दिसतच नाही. भारतात शिकाऱ्याचे लक्ष्य सरसकट हत्ती नसून सुळे असलेला प्रौढ नर हे आहे. म्हणून येथील ऱ्हास मोजायचा, तर किती हत्ती उरले याबरोबरच कोणते हत्ती उरले, हेही विचारावे लागते.

सुळा : शस्त्र, साधन आणि संकट

हत्तीचा सुळा म्हणजे वरच्या जबड्यातील कृंतक दात. तो आयुष्यभर वाढत राहतो. झाडाची साल सोलणे, जमीन उकरणे, ओंडके हलविणे आणि प्रतिस्पर्ध्याशी झुंज देणे, अशा अनेक कामांसाठी त्याचा उपयोग होतो. सुळ्याचा बराचसा भाग कवटीच्या आत रुतलेला असतो. त्यामुळे पूर्ण सुळा हस्तगत करण्यासाठी शिकारी हत्तीला ठार करतात आणि त्याचा चेहरा कुऱ्हाडीने फोडतात. सुळे नसलेला, चेहरा छिन्नविच्छिन्न झालेला मृतदेह ही चोरट्या शिकारीची ओळखीची खूण आहे.

आफ्रिकी आणि आशियाई हत्तींमधील एक भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. आफ्रिकेत नर व मादी या दोघांनाही सामान्यतः सुळे असतात. आशियाई हत्तींमध्ये खरे सुळे फक्त नरांना येतात. माद्यांना असलेच तर आखूड दात असतात, जे अनेकदा ओठाबाहेरही दिसत नाहीत. शिवाय सर्व नरांनाही सुळे नसतात. सुळे नसलेल्या नराला ‘मखना’ म्हणतात. दक्षिण भारतातील बहुसंख्य नर सुळेधारी आहेत, ईशान्य भारतात मखन्यांचे प्रमाण बरेच मोठे आहे, तर श्रीलंकेत सुळेधारी नर दहा टक्क्यांहूनही कमी आहेत.

या भेदाचे परिणाम दूरगामी आहेत. आफ्रिकेत हस्तिदंतासाठी संपूर्ण कळप मारला जातो आणि संख्या उघडपणे कोसळते. १९७९ मध्ये त्या खंडात सुमारे १३ लाख हत्ती असल्याचा अंदाज होता. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, तो सुमारे सहा लाखांवर आला. पुढे काही प्रदेशांत संख्या सावरली, पण २०१४ पासून १८ देशांत झालेल्या व्यापक हवाई गणनेत सव्हाना प्रदेशातील ३,५२,२७१ हत्तीच मोजले गेले आणि २००७ ते २०१४ या काळात संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. २०२१ मध्ये आफ्रिकेतील सव्हाना हत्ती ‘संकटग्रस्त’ आणि वनहत्ती ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात नोंदविले गेले.

भारतात मात्र असे उघड दृश्य दिसत नाही. एखाद्या जंगलात १,००० हत्ती असून त्यांपैकी १०० प्रौढ नर आहेत, असे उदाहरणादाखल मानू. शिकाऱ्यांनी त्यातील ९० नर मारले, तरी एकूण संख्या ९१० राहते. म्हणजे घट फक्त नऊ टक्क्यांची. दाट जंगलातील कोणत्याही गणनेत एवढी तफावत अंदाजाच्या मर्यादेतच धरली जाते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजाचीही मर्यादा १८,२५५ ते २६,६४५ अशी दिलेली आहे. म्हणजेच दहापैकी नऊ प्रौढ नर नाहीसे झाले, तरी गणनेचा अहवाल ‘संख्या स्थिर’ असा निर्वाळा देऊ शकतो.

पेरियारचा अनुभव

हे केवळ कल्पित उदाहरण नाही. केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्पात तसे प्रत्यक्ष घडले आहे. १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय बाजारात हस्तिदंताचे भाव झपाट्याने वाढले. जपानमध्ये नाममुद्रांसाठी, तर इतरत्र शोभेच्या वस्तू आणि दागिन्यांसाठी मागणी होती. भारतातही केरळ, म्हैसूर, मुर्शिदाबाद, दिल्ली, जयपूर येथे हस्तिदंती कोरीवकामाची जुनी परंपरा होती. या मागणीचा भार दक्षिणेतील सुळेधारी नरांवर पडला.

पेरियारमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस साधारण सहा प्रौढ माद्यांमागे एक प्रौढ नर होता. त्यानंतरच्या वीस वर्षांत हे प्रमाण शंभराहून अधिक माद्यांमागे एक नर, इतके विषम झाले. शिकारीचा उपद्रव नसलेल्या ठिकाणी सर्वसाधारणपणे दोन-तीन माद्यांमागे एक प्रौढ नर असतो, हे लक्षात घेतल्यास या विषमतेची तीव्रता कळते. पेरियारमध्ये माद्यांचे कळप दिसत होते आणि पर्यटकांना सरोवराकाठी हत्तीही दिसत होते. पण कळपांतील लहान पिलांचे प्रमाण कमी झाले होते. भारतीय विज्ञान संस्थेतील रामन सुकुमार आणि अन्य शास्त्रज्ञांच्या अभ्यासांमुळे दक्षिण भारतातील हत्तींच्या लिंग-गुणोत्तराचा हा प्रश्न जगापुढे आला.

नरच का अधिक सापडतात, याचे कारण केवळ सुळ्यांत नाही. हत्तीचा कळप ज्येष्ठ मादीच्या नेतृत्वाखाली चालतो. नर वयात येताना कळप सोडतो आणि पुढे एकट्याने किंवा अन्य नरांच्या सोबतीने हिंडतो. उसाच्या, केळीच्या, भाताच्या शेतात शिरण्याचे धाडसही नर अधिक करतात. परिणामी तो मानवी वस्तीच्या जवळ येतो, एकटा असतो आणि त्याच्या वाटा माहीत होतात. गावठी बंदूक घेऊन पाळत ठेवणाऱ्याला एवढे पुरेसे असते.

याच काळात कर्नाटक आणि तमिळनाडूच्या सीमेवरील सत्यमंगलम व मलै महादेश्वर टेकड्यांच्या जंगलांत वीरप्पनच्या टोळीने हत्तींची शिकार केली. त्याने मारलेल्या हत्तींच्या संख्येबाबत निरनिराळे दावे केले जातात. ती शेकड्यांनी होती, याविषयी फारसा वाद नाही. हस्तिदंतापाठोपाठ तो चंदनाच्या तस्करीकडे वळला. या टोळीने अनेक पोलीस, वनकर्मचारी आणि ग्रामस्थांचे बळी घेतले. भारतीय वन सेवेतील पी. श्रीनिवास यांनी बळाबरोबरच गावकऱ्यांचा विश्वास संपादन करून टोळीला एकाकी पाडण्याचा प्रयत्न केला. १९९१ मध्ये त्यांची हत्या झाली आणि त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र प्रदान करण्यात आले. १८ ऑक्टोबर २००४ रोजी तमिळनाडूच्या विशेष कृती दलाच्या कारवाईत वीरप्पन मारला गेला. तोपर्यंत त्या जंगलांतील मोठ्या सुळ्यांच्या नरांची एक पिढी जवळजवळ नाहीशी झाली होती.

थोडे नर पुरेसे नाहीत काय?

एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकतो, मग थोडे नर उरले तर बिघडले कुठे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तीन भागांत देता येईल.

पहिला भाग प्रजननाचा. हत्तिणीचा गर्भकाळ १८ ते २२ महिन्यांचा असतो आणि दोन पिलांमध्ये साधारण चार-पाच वर्षांचे अंतर असते. मादी समागमास अनुकूल असण्याचा काळ अल्प असतो. विस्तीर्ण जंगलात त्या नेमक्या दिवसांत समर्थ नर जवळपास नसेल, तर संधी हुकते. शंभर माद्यांमागे एक नर असताना असे वारंवार घडणे अपरिहार्य आहे.

दुसरा भाग आनुवंशिकतेचा. लोकसंख्या-आनुवंशिकीत ‘प्रभावी प्रजननसंख्या’ ही संकल्पना वापरली जाते. प्रजननक्षम नर व माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराला चारने गुणून त्यांच्या बेरजेने भागले असता ती मिळते. एखाद्या जंगलात २५० नर आणि ७५० माद्या असतील, तर प्रभावी संख्या ७५० येते. त्याऐवजी १० नर आणि १,००० माद्या असतील, तर एकूण हत्ती १,०१० असूनही प्रभावी संख्या सुमारे ४० भरते. गणनेत हजाराचा कळप दिसतो, पण आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात तो चाळीस जनावरांइतकाच उरतो. पुढच्या पिढीतील बहुसंख्य पिले मोजक्याच पित्यांची असतात आणि जवळच्या नात्यातील प्रजननाचा धोका वाढत जातो.

तिसरा भाग निवडीचा. मोठे सुळे असलेले नर सतत मारले गेले, तर लहान सुळ्यांचे किंवा सुळे नसलेले नर प्रजननासाठी शिल्लक राहतात. मोझांबिकमधील गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७७ ते १९९२ या यादवी युद्धाच्या काळात तेथील सुमारे ९० टक्के हत्ती मारले गेले. युद्धापूर्वी सुळे नसलेल्या माद्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते, ते नंतर सुमारे ५१ टक्के झाले. हा बदल केवळ योगायोगाचा नसून शिकारीच्या दडपणामुळे झालेल्या निवडीचा परिणाम आहे, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. तेथे ते माद्यांमध्ये घडले, कारण आफ्रिकेत माद्यांनाही सुळे असतात. माणसाचा लोभ काही दशकांत एखाद्या प्राण्याची जडणघडण बदलू शकतो, याचा तो पुरावा आहे.

कायद्याची वाटचाल

हत्तीच्या संरक्षणाचा विचार आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तीवनांची व्यवस्था सांगितली आहे. तेथे हत्तीला मारणाऱ्यास देहदंड आणि नैसर्गिकरीत्या मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्यास बक्षीस, अशी तरतूद आहे. यामागील हेतू युद्धासाठी हत्ती राखण्याचा असला, तरी मेलेल्या हत्तीचा सुळाही राज्याच्या हिशेबात आला पाहिजे, हे प्रशासकीय तत्त्व आजही उपयुक्त आहे. ब्रिटिश काळात मद्रास प्रांताने १८७३ मध्ये आणि केंद्रीय पातळीवर १८७९ मध्ये हत्तींच्या संरक्षणासाठी कायदे झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा पाया ठरला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्य प्राण्यांचे संरक्षण हे विषय समवर्ती सूचीत आणले, तसेच अनुच्छेद ४८-क आणि ५१-क (छ) यांद्वारे वन्यजीव रक्षण हे राज्याचे निदेशक तत्त्व आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य झाले. १९७७ मध्ये हत्तीचा समावेश अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला आणि त्याला सर्वोच्च संरक्षण मिळाले.

तरीही व्यापाराची वाट उघडी होती. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली, पण आफ्रिकेतून आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापार चालू राहिला. कोरलेल्या वस्तूकडे पाहून ती कोणत्या खंडातील हत्तीची आहे, हे सांगणे कठीण असते. त्यामुळे येथे मारलेल्या हत्तीचा सुळा ‘आफ्रिकी’ म्हणून विकण्याची सोय झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबई हे पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंताचे मोठे बंदर होते, हे लक्षात घेतल्यास आयातीच्या पडद्याआड देशी माल खपविणे किती सोपे होते, याची कल्पना येते. १९९१ च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचा व्यापारही बंद केला. व्यापाऱ्यांनी या बंदीला व्यवसायस्वातंत्र्याच्या आधारे आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बंदी वैध ठरविली आणि नामशेष झालेल्या मॅमथच्या दंताच्या नावाखाली व्यापार करण्याची पळवाटही त्याच वर्षी बंद केली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर संकटग्रस्त जातींच्या व्यापाराविषयीचा ‘सायटीस’ करार महत्त्वाचा आहे. तो १९७३ मध्ये झाला, १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्याचा सदस्य झाला. आशियाई हत्ती प्रारंभापासून त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. आफ्रिकी हत्ती १९८९ च्या लोझान परिषदेत तेथे आला आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. पुढे आफ्रिकेच्या दक्षिणेकडील काही देशांच्या हत्तींबाबत ही बंदी शिथिल करण्यात आली. १९९९ मध्ये सुमारे ५० टन साठा जपानला आणि २००८ मध्ये १०० टनांहून अधिक साठा चीन व जपानला विकण्याची एकवेळची परवानगी देण्यात आली. त्यानंतर आफ्रिकेतील चोरट्या शिकारीने २०११ च्या सुमारास शिखर गाठले. या विक्रीचा त्यात किती वाटा होता, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि कायदेशीर माल बाजारात आला की बेकायदा मालाला त्याची ओळख उसनी घेता येते, हा भारताचा १९८६ ते १९९१ या काळातील अनुभव विसरण्यासारखा नाही. चीनने २०१७ च्या अखेरीस आपला देशांतर्गत हस्तिदंत व्यापार बंद केला, हे गेल्या काही वर्षांतील सर्वांत आशादायक पाऊल मानले जाते.

जंगलातील बंदोबस्त आणि लोकांचा सहभाग

केंद्र सरकारने फेब्रुवारी १९९२ मध्ये हत्ती प्रकल्प सुरू केला. हत्तींचे, त्यांच्या अधिवासाचे आणि भ्रमणमार्गांचे रक्षण, मानव-हत्ती संघर्षाचे निवारण आणि पाळीव हत्तींचे कल्याण ही त्याची उद्दिष्टे आहेत. देशात आज १४ राज्यांत ३३ हत्ती राखीव क्षेत्रे आहेत. २०२३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आणि हत्ती प्रकल्प एकत्र करण्यात आले. शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘माइक’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात भारतातील दहा क्षेत्रे आहेत. वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासासाठी २००७ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो स्थापन झाला.

या यंत्रणेची कसोटी २०१५ मध्ये केरळमध्ये लागली. मलयात्तूर परिसरातील जंगलांत हत्ती मारले गेल्याचे उघडकीस आले आणि ‘ऑपरेशन शिकार’ नावाने तपास सुरू झाला. जंगलातील शिकाऱ्यापासून तिरुअनंतपुरमचे कारागीर आणि दिल्लीतील व्यापारी यांच्यापर्यंत साखळी जोडली गेली. सत्तरहून अधिक व्यक्तींना अटक झाली आणि एकट्या दिल्लीत ४०० किलोंहून अधिक हस्तिदंत जप्त झाले. या प्रकरणातून दोन धडे मिळाले. शिकार संपली, असे गृहीत धरलेल्या प्रदेशातही ती गुपचूप चालू राहू शकते, हा पहिला. आणि केवळ बंदूकधाऱ्याला पकडून भागत नाही, खरेदीदारापर्यंत पोहोचावे लागते, हा दुसरा.

पेरियारमध्ये या काळात निराळ्या दिशेने प्रयत्न झाले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे परिसर-विकास प्रकल्प राबविण्यात आला. जंगलातून दालचिनीची साल चोरून नेणाऱ्यांची समिती स्थापन करून त्यांनाच गस्त आणि पर्यटक-मार्गदर्शनाचे काम देण्यात आले. चोरवाटा ज्यांना ठाऊक होत्या, तेच त्यांचे राखणदार झाले. अशा उपायांबरोबर गस्त वाढली, आणि पुढील काळात पेरियारमधील लिंग-गुणोत्तर हळूहळू सुधारू लागले. शिकाऱ्याला जंगलाची माहिती देणारा, आसरा देणारा माणूस बहुधा जंगलालगतच्या गरीब वस्तीतलाच असतो. सुळ्याच्या अंतिम किमतीतील त्याच्या वाट्याला येणारा हिस्सा अत्यल्प असतो, मात्र तुरुंगवास त्याच्याच वाट्याला आधी येतो. त्याला स्थिर रोजगार देणे हा दयेचा विषय नसून संरक्षणाचा भाग आहे.

आजचे चित्र

केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, त्याआधीच्या पाच वर्षांत अनैसर्गिक कारणांनी ५२८ हत्ती मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ३९२ विजेच्या धक्क्याने, ७३ रेल्वेच्या धडकेने, ५० चोरट्या शिकारीने आणि १३ विषबाधेने दगावले. म्हणजे आज वीज हा हत्तीचा शिकाऱ्यापेक्षा मोठा शत्रू ठरला आहे. खाली लोंबणाऱ्या तारा आणि शेताच्या कुंपणात बेकायदा सोडलेला विद्युतप्रवाह ही त्याची प्रमुख कारणे होत. हत्ती नव्या प्रदेशांत सरकत असल्याने ही समस्या पसरते आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्गात २००२ पासून आणि गडचिरोलीत २०२१ पासून हत्तींचा वावर सुरू झाला. तेथील शेतकरी आणि वीज वितरण यंत्रणा यांनाही हा विषय आता परका राहिलेला नाही.

तरीही पाच वर्षांत ५० हा आकडा किरकोळ मानणे चुकीचे होईल. विजेच्या धक्क्याने मादी, पिलू, नर कोणीही मरतो. हस्तिदंतासाठी शिकार मात्र वेचून प्रौढ नराचीच होते. शिवाय नोंदलेली शिकार ही सापडलेल्या मृतदेहांवरून ठरते. दाट जंगलात, पावसाळ्यात, मृतदेह काही आठवड्यांतच ओळखण्यापलीकडे जातो. विजेच्या धक्क्याने मेलेल्या नराचे सुळे गायब झाले, तर त्या मृत्यूची नोंद कोणत्या सदरात करावयाची, हाही प्रश्न उरतो.

धोक्याचे स्वरूपही बदलू शकते. शेजारच्या म्यानमारमध्ये गेल्या दशकात हत्तींची कातडी मिळविण्यासाठी शिकार होऊ लागल्याचे आढळले. तिची भुकटी औषध म्हणून आणि मणी दागिन्यांसाठी विकले जात होते. कातडीच्या शिकाऱ्याला सुळ्यांची गरज नसते. त्याच्यापासून हत्तीण सुटत नाही आणि पिलूही सुटत नाही. आशियाई मादीला आजवर तिच्या सुळे नसण्याने जे संरक्षण दिले, तेच या नव्या मागणीपुढे निरुपयोगी ठरते. म्यानमारशी सीमा असलेल्या ईशान्य भारताने याबाबत विशेष सावध राहावयास हवे.

पुढील दिशा

या विवेचनातून धोरणाची काही सूत्रे हाती येतात. पहिले सूत्र असे की, प्रत्येक हत्ती राखीव क्षेत्राचे यश केवळ एकूण संख्येवर न मोजता प्रौढ नर-मादी प्रमाण, सुळेधारी नरांची संख्या आणि कळपांतील पिलांचे प्रमाण या तीन निकषांवर नियमितपणे मोजले जावे. दुसरे, मृत हत्तीच्या प्रत्येक सुळ्याची नोंद, मोजमाप आणि डीएनए नमुना जतन व्हावा. अधिनियमाच्या कलम ३९ नुसार मृत वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. त्या मालमत्तेचा हिशेब चोख असला, तर चोराला पळवाट उरत नाही. तिसरे, पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद कायद्यात असली, तरी पंचनामा, पुरावा आणि साक्षीदार कच्चे असतील तर तिचा धाक राहत नाही. वनकर्मचाऱ्यांना तपासाचे प्रशिक्षण देणे हे बंदुका देण्याइतकेच महत्त्वाचे आहे. चौथे, भ्रमणमार्ग मोकळे राहिले तरच एका जंगलातील नर दुसऱ्या जंगलातील माद्यांपर्यंत पोहोचेल. ज्या जंगलाने आपले नर गमावले, त्याला शेजारच्या जंगलातून ते मिळण्याचा नैसर्गिक मार्ग हाच आहे.

या सर्वांत वेळेचा घटक निर्णायक आहे. नर हत्ती पंधरा-सोळाव्या वर्षी वयात येत असला, तरी बलाढ्य नरांशी स्पर्धा करून खऱ्या अर्थाने प्रजननात उतरण्यास त्याला पंचवीस-तीस वर्षे लागतात. २००४ मध्ये वीरप्पन मारला गेला, त्या वर्षी सत्यमंगलमच्या जंगलात जन्मलेले नर पिलू आज कुठे त्या वयाच्या उंबरठ्यावर पोहोचते आहे. म्हणजे एका टोळीने दोन दशकांत केलेल्या संहाराची भरपाई होण्यास जंगल सुरक्षित झाल्यानंतरही एक संपूर्ण पिढी लागते. आज एका सुळ्यासाठी मारलेल्या नराची जागा घेणारा नर २०५० च्या आसपास तयार होईल, आणि तोही मधल्या काळात त्याच्या वाट्याला बंदूक किंवा विजेची तार आली नाही तरच. प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांची संपूर्ण सेवा याच कालखंडात पार पडणार आहे.